माळावरची विचारपूस : थंडीत पक्षी बघायला कच्छला जायचंय, पण कसं?

मागच्या अंकात कच्छमधल्या बन्नीच्या गवताबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या, त्यावर बरीच पत्रं आली. निम्म्याहून जास्त पत्रांत एकच विषय, थंडीत तिकडे जायचंय, टूर कुठली घ्यावी, गाईड लागतो का, आणि तिकडे वाळूशिवाय बघायला आहे तरी काय. म्हणून या वेळचं सगळं पान त्यालाच दिलंय.

प्रश्न : आम्ही दोघं नवरा-बायको साठीच्या आसपास आहोत. डिसेंबरच्या शेवटी आठ दिवस मोकळे आहेत. सगळे म्हणतात रण उत्सव करा, तंबूत राहा, झालं. पण मुलाने दुर्बीण दिलीय आणि आम्हाला पक्षीच बघायचेत. कच्छ करावं, जैसलमेर करावं की दोन्ही? (सांगली)

दोन्ही अजिबात करू नका. आठ दिवसांत दोन्ही केलंत तर पक्ष्यांपेक्षा टोलनाकेच जास्त दिसतील. पहिल्यांदाच जाताय तर कच्छ करा, मुंबईहून रात्रीच्या गाडीत बसलं की दुसऱ्या दिवशी भुज, आणि एकाच जिल्ह्यात गवत, खारट जमीन, पाणथळ, काटेरी झुडपं, समुद्रकिनारा असं सगळं मिळतं. फक्त तारीख बदलता आली तर बदला. डिसेंबरच्या शेवटी तिकडे प्रचंड गर्दी असते आणि राहायचे दर चढलेले असतात, जानेवारीचा दुसरा आठवडा ते फेब्रुवारीचा मध्य हा माझ्या मते सगळ्यात चांगला काळ.

आठ दिवस असे वाटून घ्या की तीन-चार रात्री भुजच्या उत्तरेला बन्नीच्या जवळ, दोन रात्री नलिया गावाच्या बाजूला, आणि येताना छोट्या रणात दोन रात्री थांबून विरमगामहून परतीची गाडी. रोज नवीन मुक्काम करू नका. पक्षी बघायला एकाच जागी दुसऱ्यांदा जाण्यात जी मजा आहे ती लांब पळण्यात नाही, पहिल्या दिवशी जे चंडोल सगळे सारखेच मातकट दिसतात ते तिसऱ्या दिवशी वेगळे ओळखू यायला लागतात.

बन्नी म्हणजे वाळूच्या टेकड्या नव्हेत. जवळजवळ अडीच हजार चौरस किलोमीटरचा सपाट गवताळ पट्टा आहे तो, मालधारी लोक पिढ्यानपिढ्या तिथे म्हशी आणि कांकरेज गाई चारतात. बन्नी म्हैस तर त्यांनीच जोपासलेली जात, रात्री चरायला जाते आणि सकाळी आपली आपण घरी येते. तिथेच छारी ढंढ आहे. ढंढ म्हणजे उथळ पाण्याचं तळं आणि छारी म्हणजे खारट. पाऊस चांगला झाला की संध्याकाळी क्रौंच हजारांनी येऊन उतरतात, ते दिसायच्या आधी आवाजच येतो, लांबून कुणीतरी खूप जण एकदम बोलतायत असं वाटतं. पण पाऊस कमी झाला तर ढंढ डिसेंबरातच आटते, म्हणून बुकिंग करण्याआधी गाईडला फोन करून एवढंच विचारा की यंदा ढंढीत पाणी आहे का. खरं उत्तर देणारा माणूस मिळाला तर त्याच्याबरोबरच जा!

आणि फुलाय गाव चुकवू नका. तिथे पीलूची झाडं आहेत, ज्याच्या काडीचं दातण करतात तोच पीलू, त्याची फळं खायला ग्रे हायपोकोलियस नावाचा पक्षी थंडीत येतो. इराण-इराकच्या बाजूचा हा पाहुणा, भारतात नेमाने दिसायची जागा म्हणजे कच्छच. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा सूर्य नुकताच वर आला होता, गावातला एक मुलगा आम्हाला एका झुडपापाशी बसवून म्हणाला हलू नका. वीस मिनिटं काहीच नाही. मग झुडपाच्या आतूनच एक नर वर सरकला, राखाडी अंग, डोळ्यावरून मागे मानेपर्यंत काळा पट्टा, शेपटीचं टोक काळं, फळ तोडलं, गिळलं आणि उडताना पंखांची पांढरी टोकं चमकली. दहा-बारा सेकंद असतील. त्या मुलाने जागा दाखवली नसती तर आम्ही त्या झुडपाशेजारून बोलत निघून गेलो असतो.

प्रश्न : इंटरनेटवर ढीगभर टूर आहेत, सगळ्यांच्या जाहिरातीत तेच फोटो. चांगला गाईड ओळखायचा कसा? आणि गाईड हवाच का, गाडी आपली, फोनमध्ये ॲप आहे. (ठाणे)

हवाच. ॲप पक्ष्याचं नाव सांगेल, पण तो पक्षी आज कुठे आहे, कुठल्या रस्त्याने गेलं की गाडी खारट चिखलात रुतणार नाही, कुठली जमीन सीमेजवळची म्हणून परवानगी लागते, हे ॲपला कुठून कळणार. त्या सपाटीवर खूण म्हणून काहीच नसतं, वरून कोरडी दिसणारी जमीन आतून ओली असते आणि चाक एकदा बसलं की ट्रॅक्टर येईपर्यंत तुम्ही तिथेच.

ओळखायचं कसं, तर बुकिंगच्या फोनवर चार गोष्टी विचारा. तुमच्याबरोबर स्थानिक माणूस कोण असतो? एका गाडीत किती जणांना बसवता? पक्षी बोलवायला मोबाईलवर आवाज लावता का? आणि गाडी रस्ता सोडून गवतात घालता का? शेवटच्या दोन प्रश्नांना जो अभिमानाने हो म्हणतो, 'मॅडम, फोटो गॅरंटी', त्याला नमस्कार करून फोन ठेवा.

हे मी इतकं का सांगतोय, तर काही वर्षांपूर्वी मी स्वतः अशा एका गाडीत होतो. नलियाच्या बाजूला होबारा दिसला, मध्य आशियातून हिवाळ्यात येणारा, माळढोकाच्या कुळातला देखणा पक्षी. ड्रायव्हरने काही न विचारता जीप गवतात घातली आणि त्याच्याभोवती गोल फिरवायला लागला, पुढे बसलेले दोघं त्याला आणखी जवळ घे म्हणत होते. होबारा आधी चालत दूर गेला, मग पळाला, मग जमिनीला चिकटून बसला, आणि शेवटी उडाला तो नजरेआड होईपर्यंत उडतच राहिला. फोटो सगळ्यांना मिळाले. मी तेव्हा गप्प बसलो, याचं मला आजही वाईट वाटतं, म्हणून आता जिथे सांगता येईल तिथे सांगतो.

गवतात गाडी घातल्याने काय बिघडतं असं लोक विचारतात, कारण त्यांना ते गवत रिकामं वाटतं. पण तिथले चंडोल, धाविक, कबुतरासारख्या दिसणाऱ्या पखुर्ड्या, सगळे पक्षी जमिनीवरच राहणारे. तो सांडा घ्या, जाड काटेरी शेपटीचा, गवत खाणारा सरडा, थंडीत तो बिळाच्या तोंडाला आतून माती लावून महिनोन् महिने झोपलेला असतो. वरून बघणाऱ्याला काही दिसत नाही आणि चाकाखाली ते बीळ खचतं. थोडं उबदार झालं की हाच सांडा बाहेर येतो आणि गरुड, ससाण्यांना खायला मिळतो. म्हणजे तुम्ही शिकारी पक्षी बघायला जायचं आणि त्यांचं ताट तुडवत जायचं.

चांगला गाईड गाडी रस्त्यावरच उभी करतो, इंजिन बंद करतो आणि थांबतो. छोट्या पाणवठ्यावर सूर्योदयानंतर दोनेक तासांनी पखुर्ड्या पाणी प्यायला येतात, आधी आकाशात गुटर्र-गुटर्र आवाज, मग थवा दोनदा घिरट्या घालून उतरतो, पाच-सात घोट की लगेच वर. तिथे वेळेच्या आधी जाऊन गुपचूप बसणं एवढंच काम असतं, पण ती वेळ आणि ती जागा माहीत असणं हीच तर त्या माणसाची विद्या आहे. पैसे त्याचे द्यायचे, जीपचे नाही.

प्रश्न : आई पंच्याहत्तरची आहे, गुडघ्यांमुळे चालता येत नाही, पण लहानपणी गावाकडच्या माळावर वाढलेली, तिला फार आवड आहे. शनिवार-रविवारला जोडून एखादा दिवस सुट्टी मिळते. काही जमेल का? (पुणे)

नक्की जमेल. कच्छ तिला दगदगीचं होईल, तुम्ही वेळावदरला न्या. भावनगरपासून तासाभराच्या अंतरावर काळविटांचं राष्ट्रीय उद्यान आहे, अवघं ३४ चौरस किलोमीटरचं, सगळं गाडीतूनच बघायचं असतं. हे वाळवंट नाही, भाल नावाचा सपाट प्रदेश आहे, पण गवताळ प्रदेश काय असतो ते इथे जितकं डोळे भरून दिसतं तितकं दुसरीकडे मला तरी दिसलेलं नाही. परवाना ऑनलाइन काढा, गाईड तिथे घ्यावाच लागतो, आणि पावसाळ्यात बंद असतं.

आईला संध्याकाळच्या फेरीला न्या. काळवीट तर दिसतीलच, नशीब असेल तर लांडगाही दिसेल, पण खरी गोष्ट सूर्यास्ताच्या आधी तासभर सुरू होते. हॅरियर, म्हणजे आपल्याकडे ज्यांना भोवत्या म्हणतात ते शिकारी पक्षी, दिवसभर आजूबाजूच्या शेतांवर टोळ आणि नाकतोडे खात फिरतात आणि झोपायला या गवतात येतात, झाडावर नाही, जमिनीवर. कझाकस्तानच्या गवताळ मैदानांतून आलेले असतात. आधी एक दिसतो, गवताला जवळजवळ पोट लावून तरंगत, पंख इंग्रजी व्हीसारखे वर धरून. मग लक्षात येतं की त्याच्या मागे आणखी दोन आहेत, डावीकडे चार आहेत, आणि उन्हाच्या दिशेला तर मोजणं सोडूनच द्यावं लागतं. फिकट राखाडी, जवळजवळ पांढरे दिसतात ते नर, तपकिरी आणि कमरेवर पांढरा ठिपका त्या माद्या आणि पिल्लं, एवढी खूण आईला आधी सांगून ठेवा म्हणजे तिला स्वतः ओळखता येतील. अंधार पडता पडता सगळे एकेक करून गवतात शिरतात आणि माळ परत रिकामा दिसायला लागतो, पण तेव्हा आपल्याला माहीत असतं तिथे कोण झोपलंय ते.

प्रश्न : मुलगा दहा वर्षांचा आहे, त्याला नेऊ का? कपडे, दुर्बीण काय घ्यावं? (नाशिक)

न्या, बिनधास्त न्या. नलिया गुजरातमधलं सगळ्यात गार ठिकाण म्हणून दर हिवाळ्यात बातम्यांत असतं, पहाटे उघड्या जीपमध्ये हात अक्षरशः बधिर होतात आणि दुपारी बारा वाजता शर्टावर फिरावं लागतं, त्यामुळे एक जाड जॅकेट घेण्यापेक्षा तीन पातळ कपडे एकावर एक, कानटोपी आणि हातमोजे. रंग मातीचे, पांढरा-लाल नको. दुर्बीण ८ बाय ४२ घ्या, दहापटीची त्याच्या हातात हलेल. दहा-साडेदहानंतर जमीन तापून हवा थरथरते आणि लांबचं काही नीट दिसत नाही, तो वेळ मुलाला झोपू द्या किंवा छोट्या रणात असाल तर अगरियांच्या मिठागरावर घेऊन जा, मीठ कसं पिकतं ते त्याला तिथे कळेल. रानगाढवंही तिथेच बघायची, घुडखर म्हणतात त्यांना, त्यांचं अभयारण्य जवळजवळ पाच हजार चौरस किलोमीटरचं आहे.

प्रश्न : मी बहारीनमध्ये नोकरी करतो, सुट्टीला घरी येताना कच्छ करायचा विचार आहे, हायपोकोलियससाठी. (मनामा)

अहो, हायपोकोलियससाठी इतक्या लांब यायची गरजच नाही, हिवाळ्यात जसराच्या बाजूला ते मोठ्या संख्येने मुक्कामाला येतात, संध्याकाळी तिकडे जाऊन बघा. कच्छला या, पण क्रौंच आणि पखुर्ड्यांसाठी.

प्रश्न : कच्छ-राजस्थानचं कौतुक पुरे. आमच्या नान्नजला माळढोकाचं अभयारण्य आहे, त्याबद्दल कोणी का लिहीत नाही? (सोलापूर)

तुमचं बरोबर आहे आणि लिहायला हात जड होतो हेही खरं आहे. १९७९ साली माळढोकासाठी अभयारण्य झालं आणि आज तिथे माळढोक दिसला तर ती पेपरात छापायची बातमी होते. देशभरात आता दीडशेच्या आतबाहेर उरलेत, बहुतेक सगळे जैसलमेरच्या भागात. मादी बहुधा एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर, पक्षी दहा-पंधरा किलोपर्यंत जड, आणि डोळे बाजूला असल्याने समोरची वीजवाहिनी त्याला वेळेत दिसत नाही, वळताही येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये तारा जमिनीखाली घ्यायला सांगितलं, मार्च २०२४ मध्ये तो आदेश सैल केला. जैसलमेर जिल्ह्यात सम आणि रामदेवरा इथे पिल्लं वाढवण्याची केंद्रं चाललीत, माझी सगळी आशा आता तिथे आहे.

पण माळढोक गेला तो एकट्या तारांमुळे नाही. सरकारी कागदावर गवताळ जमिनीला पडीक म्हणतात, आपणही तसंच म्हणतो, आणि पडीक म्हटलं की कुणी त्यावर झाडं लावतं, कुणी प्लॉट पाडतं. बन्नीत साठच्या दशकात खारटपणा रोखायला म्हणून वेडी बाभूळ लावली, आता तिने गवत गिळत आणलंय, मालधाऱ्यांना विचारा, ते तिला गांडो बावळ म्हणतात, गांडो म्हणजे वेडा.

म्हणून तुम्हाला विनंती, या जानेवारीत नान्नजला जाच. सकाळी सातच्या आत पोचा, वनखात्याच्या परवानगीने, तिथला माणूस बरोबर घेऊन. काळवीट दिसतील, भोवत्या येतात, खोकड दिसू शकतं, लांडगाही दिसू शकतो. पुणे वनविभागाने इंदापूरच्या कडबनवाडीकडे गवताळ प्रदेशाची सफारी सुरू केलीय, तीही करता येईल. जे दिसेल ते तारीख-वेळेसकट वहीत लिहा आणि मला पाठवा, पुढच्या अंकात नान्नजसाठी अर्धं पान राखून ठेवतो.