“पोट भरलंय हे कळतच नाही, मॅडम”

“माझ्यात संयमच नाही,” हे वाक्य माझ्याकडे वरचेवर येतं. पंचेचाळिशीच्या एका बाईंनी तर निदानही करून आणलं होतं: “ताण आला की मी खाते.” (ओळख लागू नये म्हणून तपशील बदललेत.)

त्यांच्याकडून मी ‘इंट्युइटिव्ह ईटिंग स्केल-२’ भरून घेतली. आपण शरीराच्या भूक-तृप्तीच्या खुणा ऐकून किती खातो, हे मोजणारी ट्रेसी टिल्का आणि क्रून व्हॅन डिएस्ट यांची २०१३ सालची ही २३ विधानांची प्रश्नावली. प्रत्येक विधानाला १ ते ५ गुण, काहींचे उलटे मोजायचे, मग सरासरी. पण नुसती एकूण सरासरी बघून काही हाती लागत नाही, असं माझं ठाम मत आहे. चार भाग सुटे बघावेत: खाण्याची स्वतःला दिलेली मोकळीक, भावनेपेक्षा भुकेपोटी खाणं, भूक-तृप्तीच्या खुणांवरचा भरवसा आणि शरीराला मानवेल ते निवडणं.

भावनांच्या भागात बाईंना चारच्या वर गुण होते; इथे गुण जास्त, तितकं भावनेपोटी खाणं कमी. म्हणजे ताणाचं खाणं फारसं नव्हतंच! भूक-तृप्तीच्या भागात मात्र जेमतेम दीड.

“जेवता कधी?”

“सगळ्यांची पानं झाली की. ओट्यापाशी, उभ्यानंच. चतकोर पोळी, वाटीभर आमटी उरलेली असते, टाकवत नाही.”

वीस वर्षं त्यांचं जेवण पातेलं रिकामं झालं की संपत होतं. यात संयमाचा प्रश्न कुठे आला?

“मग भूक लागल्याचं कधी कळतं?”

त्या बराच वेळ गप्प होत्या. “संकष्टीला. चंद्रोदयाच्या आधी छातीखाली ओढल्यासारखं होतं, मुलांवर उगाच आवाज चढतो.”

खूण सापडली होती. तीच आता साध्या दिवशी शोधायची होती. उरलंसुरलं आधी डब्यात काढायचं, मग बसून जेवायचं. घास घेण्याआधी आणि अर्ध्या जेवणात पोटावर हात ठेवून ० ते १० मध्ये भूक वहीत लिहायची.

मधुमेहाची औषधं किंवा इन्सुलिन चालू असेल, तर भुकेची वाट बघत जेवण लांबवू नका. आधी डॉक्टरांना विचारा. खाणं फार तोडलेल्यांच्या भुकेच्या खुणाच मंदावलेल्या असू शकतात, त्यांना सुरुवातीला ठरलेल्या वेळीच जेवावं लागतं. या बाईंना यातलं काही नव्हतं.

पहिले पंधरा दिवस वहीत नुसते पाच-पाच. मग एका मंगळवारी, आकड्याशेजारी बारीक अक्षरात: “साडेअकरा. घड्याळ बघायच्या आधी कळलं.”