संमती का सहमती? आणि खरेदीखतातली राजीखुशी

अगं, तू विचारलंस की पेपरात कधी "सहमतीनं संबंध" छापतात कधी "संमतीनं", तुमचे सर तर "संमतीचा बचाव" म्हणतात, मग बरोबर काय आणि लिहायचं कसं. आपल्याकडं कोल्हापुरात हायकोर्टाचं सर्किट बेंच आल्यापासनं कोर्टाच्या बातम्या एवढ्या वाढल्यात की हा गोंधळ रोजच दिसायला लागलाय.

माझं मत सरळ आहे, कोर्टात संमतीच. सहमती म्हणजे मत जुळणं, जागावाटपावर सहमती झाली म्हणतो तशी, या अर्थानं ती हिंदीच्या वाटेनं पेपरात घुसलीय. संमती म्हणजे माझ्या अंगाला, माझ्या वस्तूला दुसरा जे करणार त्याला माझा होकार. अनुमती आणि परवानगी वरनं खाली येतात, साहेबाकडनं, म्हणून त्याबी इथं चालत नाहीत.

पण खरं नेमकं बोलणं आपल्या जुन्या खरेदीखतात आहे बघ, "राजीखुशीने व अक्कलहुशारीने लिहून देतो". आता भारतीय न्याय संहितेचं, म्हणजे आताच्या फौजदारी कायद्याचं, कलम २८ काढ, म्हणजे आधीच्या दंड संहितेचं जुनं ९०. भीतीपोटी दिलेली संमती धरायची नाही, ही झाली राजीखुशी. वेडामुळं किंवा नशेमुळं आपण कशाला हो म्हणतोय हेच न कळणाऱ्याची, आणि एरवी १२ वर्षांखालच्या पोराची धरायची नाही, ही अक्कलहुशारी. एकच गोष्ट खतवाल्यांच्या त्या दोन शब्दांत बसत नाही, गैरसमजातनं दिलेला होकार. कायदा तोही मोजत नाही, फक्त भीती असो का गैरसमज, समोरच्याला ते माहीत असायला पाहिजे किंवा कळायला जागा तरी पाहिजे.

आता बचाव. चोरीच्या व्याख्येतच "संमतीशिवाय" आहे, मी म्हटलं ने माझी गाडी, तर चोरी झालीच नाही, बचाव कसला करतीस! दुखापतीचं वेगळं. कलम २५ मधलं उदाहरणच गंमत म्हणून पट्ट्याचे हात करणाऱ्या दोघांसारखं आहे (आपल्या मर्दानी खेळवाल्यांनी वाचावं), लबाडी न करता खेळताना लागलं तर गुन्हा नाही. खासबागेत दोन पैलवान सलामी देऊन भिडले की तेच. मात्र लागलेल्याचं वय १८ च्या वर पाहिजे, आणि जीव घ्यायचा किंवा जबर दुखापतीचा इरादा असला, नाहीतर तसं होण्याचा संभव आहे हे ठाऊक असलं, तर समोरचा "मार मला" म्हणाला तरी हे कलम उपयोगाचं नाही. १८ वरच्या माणसानं मरण मागून घेतलं तरी मारणारा सुटत नाही, खुनाचा सदोष मनुष्यवध होतो एवढंच.

आणि ते "मौनं संमतिलक्षणम्" लग्नाच्या बैठकीत ठेवायचं. देसाईगंज पोलीस ठाण्यातल्या १९७२ च्या मथुरा बलात्कार प्रकरणात, जिथं आरोपी पोलीसच होते, हायकोर्टानं म्हटलेलं की मुकाट्यानं सोसणं म्हणजे संमती नव्हे, सुप्रीम कोर्टानं तरी पोलिसांना सोडलं, त्यावर देशभर रान उठलं आणि १९८३ ला कायदा बदलला. आता तर बलात्काराच्या व्याख्येतच लिहिलंय, अंगानं प्रतिकार केला नाही एवढ्यावरनं संमती धरायची नाही.

राहिलं शुद्धलेखन. सुटा शब्द संमती, ती दीर्घ, समासात ऱ्हस्व: संमतिपत्र, संमतिवय. टिळकांनी विरोध केलेला १८९१ चा तो संमतिवयाचाच, म्हणजे शरीरसंबंधाला संमती देण्याच्या वयाचा, कायदा. दवाखान्यात ऑपरेशनआधी "सम्मतीपत्र" छापलेला कागद पुढं केला तर सही कर, चूक नंतर सांग.