पत्रकार राहू की निवडणुकीला उभी राहू?

या वेळचं पत्र नेदरलँड्समधून आलंय. थोडं कापून देतेय.

"ताई, नमस्कार. मी पुण्यात नऊ वर्षं एका मराठी दैनिकात बातमीदार होते. नवऱ्याच्या नोकरीमुळे सात वर्षांपूर्वी ॲमस्टलवीनला आलो. सुरुवातीची वर्षं डच शिकण्यात आणि मुलीत गेली, मग इथल्या एका छोट्या साप्ताहिकात लिहायला लागले, शाळा, सायकलचे रस्ते, घरभाडी, कौन्सिलच्या मीटिंग. आता एका पक्षाने विचारलंय की नगरपालिकेच्या निवडणुकीत आमच्या यादीवर या, आठव्या नंबरवर. नवरा म्हणतो आपण इथे पाहुणे, पासपोर्ट भारताचा, कशाला पडायचं त्यात. सासूबाई म्हणतात संध्याकाळी घरात कोण असणार. संपादक म्हणाले उभी राहिलीस तर इथलं लिहिणं बंद. आणि मला भीती ही की पडले तर धड ना इकडची ना तिकडची, पत्रकार म्हणून जे नाव कमावलं तेही जाईल. काय करू? — काठावरची"

अगं काठावरची,

आधी पासपोर्टचं संपवू, कारण ते सोपं आहे. नेदरलँड्समध्ये नगरपालिकेच्या निवडणुकीत मत द्यायला आणि उभं राहायला डच नागरिकत्व लागत नाही, सलग पाच वर्षं कायदेशीर राहिलेलं पुरतं. लोकसभेसारखी मोठी निवडणूक असती तर नागरिकत्व लागलं असतं, गावाच्या कौन्सिलला नाही. आणि पाहुण्याकडून कुणी कचऱ्याचा कर घेत नाही गं, तुमच्याकडून दरवर्षी घेतात. नवऱ्याला हे शांतपणे सांग, त्याची भीती खरी आहे, फक्त तिला आधार नाहीये.

आता तुझा खरा प्रश्न. तो वाचला आणि मला हान्स फान मिर्लो आठवला, पत्रकारितेतून राजकारणात गेलेला डच पुढारी. मी स्वतः हेगमध्ये बरीच वर्षं काढली, तिथे शेजारी एक म्हातारे गृहस्थ होते, त्यांच्या स्वयंपाकघरात कॉफी पिता पिता मला या माणसाची गोष्ट पहिल्यांदा कळली आणि तेव्हापासून मी तो मनातून सोडलेला नाही.

१९३१ ला ब्रेडामध्ये जन्म, घर कॅथलिक, शाळा जेझुइटांची, मग नाय्मेखेनच्या कॅथलिक विद्यापीठात कायद्याचं शिक्षण. तेव्हाचा डच समाज म्हणजे वेगवेगळे खांब, कॅथलिकांचा पेपर वेगळा, रेडिओ वेगळा, शाळा वेगळी, युनियन वेगळी, पक्ष तर वेगळा होताच, तसंच प्रोटेस्टंटांचं, तसंच समाजवाद्यांचं, आणि जन्मलास ज्या खांबाखाली तिथेच मत टाकायचं. हा मुलगा त्या खांबाखालून निघाला आणि १९६० मध्ये ॲमस्टरडॅमच्या आल्गेमेन हान्डल्सब्लाड या उदारमतवादी पेपरात पत्रकार झाला. तुला वाटेल यात काय मोठं. त्या काळात ते मोठं होतं.

मग आलं १९६६. मार्चमध्ये राजकन्या बेयाट्रिक्सचं लग्न, ॲमस्टरडॅमच्या रस्त्यात धुराचे बॉम्ब. जूनमध्ये बांधकाम कामगारांचा दंगा. सगळं शहर तापलेलं, आणि जुने पक्ष आपल्या खांबांना धरून बसलेले. हान्स ख्राउटर्स म्हणून एक जण ॲमस्टरडॅमच्या कौन्सिलमध्ये उदारमतवादी पक्षाचा नगरसेवक होता, तो त्या लग्नाच्या स्वागत समारंभाला गेला नाही म्हणून पक्षात गदारोळ झाला आणि तो बाहेर पडला. तो, फान मिर्लो आणि आणखी काही जण एकत्र बसले आणि त्यातून नवा पक्ष निघाला, डेमोक्रॅट्स ६६. स्थापनेची तारीख बघ, १४ ऑक्टोबर १९६६. त्याच दिवशी पहाटे हेगमध्ये कॅथलिक पक्षाच्या श्मेल्झर नावाच्या पुढाऱ्याने बजेटवरून स्वतःच्याच पक्षाच्या पंतप्रधानाचं सरकार पाडलं, लोक रात्रभर टीव्हीसमोर जागे होते. एका बाजूला जुनं घर कोसळतंय आणि त्याच दिवशी नवीन पाया घातला जातोय, असा योग कुणी ठरवून आणू शकत नाही.

आणि त्यांनी यादीच्या पहिल्या नंबरवर कुणाला घातलं? त्या पत्रकाराला. वय ३५. म्हणजे तुझ्याच वयाच्या आसपास असेल बघ.

१९६७ च्या प्रचाराची त्याची एक छोटी फिल्म आहे, रेनकोट घालून ॲमस्टरडॅमच्या कालव्याकाठाने एकटा चालतोय आणि बोलतोय, भाषण नाही, जणू स्वतःशीच विचार करतोय की या देशात काय बिघडलंय. शेजारचे आजोबा सांगायचे की तोवर त्यांनी पुढारी म्हणजे उत्तरं ठोकणारा माणूस एवढंच पाहिलं होतं, प्रश्न पडलेला पुढारी त्यांनी पहिल्यांदा पाहिला. १५ फेब्रुवारीला निकाल लागला, संसदेत १५० पैकी ७ जागा, अगदी नव्या पक्षाला. मला वाटतं ही जी प्रश्न विचारायची सवय आहे ना, तीच पत्रकार राजकारणात घेऊन जाऊ शकतो. तुला ती आहे. तू कौन्सिलच्या मीटिंगमध्ये मागच्या बाकावर बसून चार वर्षं हेच करत आलीयस, फरक इतकाच की उत्तर टाळलं तर तुला दुसऱ्यांदा विचारायचा हक्क नव्हता.

आता 'पडले तर' चं बघू, कारण तुझं सगळं पत्र त्याच्याभोवती फिरतंय.

तो पडला. चांगलाच पडला. १९७१ ला ११ जागा झाल्या आणि पुढच्याच वर्षी ६. १९७३ मध्ये यूप डेन आउल यांचं सरकार आलं, त्याच्या पक्षाचे लोक मंत्री झाले, ख्राउटर्ससुद्धा झाला, आणि फान मिर्लोने पुढारीपण सोडलं. १९७४ मध्ये तर पक्षाच्याच बैठकीत पक्ष बंद करावा याच्या बाजूने जास्त मतं पडली, फक्त दोन तृतीयांश भरली नाहीत म्हणून पक्ष वाचला. जरा विचार कर, आठ वर्षांपूर्वी ज्याच्यासाठी नोकरी सोडली ते दुकान बंद करायला तुझीच माणसं हात वर करतायत. आणि परत जायचं म्हटलं तर तो पेपरही नव्हता, हान्डल्सब्लाड १९७० मध्येच रॉटरडॅमच्या एका पेपरात विलीन झाला होता. हे मुद्दाम लिहितेय. तू साप्ताहिकाची खुर्ची जपायला बघतेयस, पण छोटे पेपर किती दिवस चालतात हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहितीये.

पुढे यान टेर्लाउ यांनी पक्ष उभा केला, फान मिर्लो १९८१ ला संरक्षणमंत्री झाला, तेही जेमतेम वर्षभर, आणि काळ असा की त्याच नोव्हेंबरमध्ये क्षेपणास्त्रांच्या विरोधात लाखो माणसं ॲमस्टरडॅमच्या रस्त्यावर होती. १९८६ मध्ये तो परत पुढारी झाला, ५४ वर्षांचा होऊन. ९ जागा, मग १२, आणि १९९४ मध्ये २४! त्यातून पंतप्रधान विम कोक यांचं जांभळं सरकार आलं (लाल समाजवादी आणि निळे उदारमतवादी एकत्र, म्हणून जांभळं), १९१८ पासून पहिल्यांदा धार्मिक पक्षांशिवाय. कालव्याकाठी चालत जे बोलला होता त्यातलं एक तरी खरं व्हायला २७ वर्षं लागली. तो उपपंतप्रधान आणि परराष्ट्रमंत्री झाला, ॲमस्टरडॅमच्या युरोपीय करारावर १९९७ मध्ये देशातर्फे त्याची सही आहे.

पण मी तुला फक्त गोड गोड सांगणार नाही. तो परराष्ट्रमंत्री असतानाच जुलै १९९५ मध्ये बोस्नियातलं स्रेब्रेनित्सा घडलं. डच सैनिक संयुक्त राष्ट्रांच्या निळ्या टोप्या घालून ज्या गावाचं रक्षण करायला ठेवले होते ते गाव पडलं आणि ७,००० च्या वर बोस्नियाक पुरुष आणि मुलगे मारले गेले. त्यावरचा मोठा अहवाल २००२ मध्ये आला तेव्हा कोक यांच्या दुसऱ्या सरकारने राजीनामा दिला, फान मिर्लो तोवर मंत्री नव्हता. पण जेव्हा घडलं तेव्हा होता. पत्रकार असता तर त्याने दुसऱ्या दिवशी अग्रलेख लिहिला असता आणि तो चांगला असता. मंत्र्याला तो मार्ग नसतो. तुझ्या कौन्सिलमध्ये असं काही भयंकर घडणार नाही, पण कुठल्या तरी कुटुंबाला घर मिळणार नाही, कुठली तरी शाळा हलेल, आणि त्या निर्णयासाठी हात वर केलेल्यांत तुझा हात असेल, रस्त्यात ती बाई तुला भेटेल. हे सहन होणार का, हा प्रश्न संपादकांच्या प्रश्नापेक्षा मोठा आहे आणि तो तू पत्रात विचारलाच नाहीस.

संपादकांबद्दल मी तुझ्या बाजूने नाहीये, सॉरी. ते बरोबर आहेत. ज्या कौन्सिलची बातमी तू लिहितेस तिच्याच यादीवर तुझं नाव असेल तर वाचकाने कुठल्या ओळीवर विश्वास ठेवायचा? तळ्यात मळ्यात नाही चालणार इथे. यादी जाहीर व्हायच्या आधी थांब, आणि शेवटच्या अंकात वाचकांना स्वतः सांग की मी का थांबतेय आणि कुठे चाललेय. नाव जातं ते लपवल्याने गं, उभं राहिल्याने नाही जात. फान मिर्लोला पत्रकार होता म्हणून कुणी नावं ठेवली नाहीत कारण तो कुठून आला हे पहिल्या दिवसापासून सगळ्यांना माहीत होतं.

आठव्या नंबरचं पण नीट समजून घे, पक्षवाले हसून सांगतात की जागा चांगली आहे. ॲमस्टलवीनच्या कौन्सिलला ३७ जागा. समज ४०,००० वैध मतं पडली, तर एका जागेचा कोटा साधारण १,०८१. त्याचा चौथा हिस्सा म्हणजे २७१ लोकांनी लाल पेन्सिलीने तुझ्याच नावापुढचा गोल रंगवला, तर पक्षाच्या वाट्याला आलेल्या जागांमध्ये तू वरच्या नंबरवाल्यांना ओलांडून आत जाऊ शकतेस. २७१. गणेशोत्सवाला हॉलमध्ये जमतात तेवढी माणसं. म्हणून पक्षाला सरळ विचार की मी माझ्या नावावर मत मागितलं तर चालेल का, आणि तुम्ही मला कशासाठी घेताय, माझ्या लिहिण्यासाठी की माझ्या गावातल्या भारतीय मतांसाठी. दुसरं उत्तर आलं, किंवा उत्तर देताना घुटमळले, तर माझं मत नको जाऊस. भारतीयांचे प्रश्न तू मांडशीलच, पण तू घरभाडं आणि सायकलच्या रस्त्यांवर चार वर्षं डचमध्ये लिहिलंयस, ती ओळख कुणाला पुसू देऊ नकोस.

आणि हो, आत गेल्यावर सगळं हातात येतं असंही समजू नकोस. फान मिर्लोच्या पक्षाने पहिल्या दिवसापासून जे मागितलं, लोकांनी थेट निवडलेला महापौर, तो प्रस्ताव २००५ मध्ये वरिष्ठ सभागृहात पडला. सार्वमताचा एक कायदा आला आणि २०१८ मध्ये त्याच पक्षाच्या मंत्र्याच्या हातून रद्द झाला. हे दुसरं बघायला फान मिर्लो नव्हता, ११ मार्च २०१० ला तो गेला, त्याच्या चारच महिने आधी त्याने लेखिका कोनी पाल्मेनशी लग्न केलं होतं, इतकी वर्षं सोबत काढून. पक्ष मात्र २००६ मध्ये ३ जागांवर आला आणि २०२५ मध्ये २६ जागा घेऊन पहिला. असं वरखाली चालतं. जिला दर चार वर्षांनी पास-नापास लागतं तिने यात जाऊ नये, तू त्यातली वाटत नाहीस मला.

सासूबाईंचं संध्याकाळचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. कौन्सिलच्या मीटिंग संध्याकाळीच असतात, वाचायला कागदांचे गठ्ठे असतात, आणि ही बिनपगारी हौस नाही, मानधन असलेलं काम आहे. म्हणून नवऱ्याला परवानगी विचारू नकोस, कॅलेंडर घेऊन बस. कुठल्या संध्याकाळी मुलीला झोपवायचं त्याने आणि कुठल्या तू, लिहून काढा. तो यादीच्या आधी हे लिहायला तयार नसेल तर निवडून आल्यावरही होणार नाही.

माझं मत विचारशील तर उभी राहा. पण संपादकांना फोन आजच कर, पक्षाला हो कळवायच्या आधी, त्यांना ही बातमी दुसऱ्या कुणाकडून कळायला नको.

तुझी,
ताई