टाउनशिपला सूट मिळाली, पण बिल तेवढंच? कम्युनिटी नंबर बघा

तुमची पोस्ट वाचली आणि आमचीच जुनी रडकथा आठवली. टाउनशिप सीआरएसमध्ये (पुरापासून बचावाची कामं करणाऱ्या गावांतल्या लोकांना सरकारी फ्लड इन्शुरन्सवर सूट देणारी योजना) क्लास ६ ला आली, फ्लड इन्शुरन्सवर २० टक्के सूट असं पत्रक घरी आलं आणि बिलात मात्र दमडीचा फरक नाही, असंच ना? क्लास म्हणजे त्या योजनेतली टाउनशिपची श्रेणी, सूट किती ते तिच्यावर ठरतं.

आमचं कुठे चुकलं तर डेक्लरेशन पेज (पॉलिसीच्या तपशिलाचं पान) कधी धड वाचलंच नाही. इथे न्यू जर्सीत पोस्टाचा पत्ता एका गावाचा आणि घर दुसऱ्याच टाउनशिपच्या हद्दीत, हे सर्रास चालतं. एजंटने पत्त्यातलं गाव बघून त्याचा कम्युनिटी नंबर टाकून दिला (फ्लड इन्शुरन्ससाठी प्रत्येक गावाला दिलेला नंबर, इथे ३४ ने सुरू होतो, सहा आकडी), आणि ते गाव सीआरएसमध्ये नव्हतंच! म्हणजे नाले साफ करणार, पुरातली घरं पाडून मोकळी जागा ठेवणार, नवीन घरं उंच बांधायला लावणार आमची टाउनशिप, टॅक्स भरणार आम्ही, आणि सूट नाही ती नाहीच, तीन वर्षं. एजंटकडे फोन केला तर म्हणे टाउनशिपला विचारा, टाउनशिपच्या खिडकीवरची बाई म्हणे एजंटला विचारा. दोन महिने हाच टेनिसचा खेळ. शेवटी नवऱ्याने प्रॉपर्टी टॅक्सचं बिल नेऊन एजंटच्या टेबलावर ठेवलं, त्यावर टाउनशिपचं नाव छापलेलं असतं, मग दहा मिनिटांत काम झालं. मागचे सगळे पैसे काही मिळाले नाहीत, ते अजून डोक्यात जातं.

नंबर बरोबर निघाला तरी सूट पुढच्या रिन्यूअलला लागते. शिवाय २०२१ पासूनच्या नव्या रेटिंगमुळे राहत्या घराचा प्रीमियम वर्षाला १८ टक्क्यांपर्यंत वाढू शकतो, त्यात सूट दिसेनाशी होते. बिलातल्या फीवर तर सूट लागतच नाही. प्रायव्हेट पॉलिसी असेल तर हे सगळं विसरा. मी एजंट नाही हं, खात्री करून घ्या.

जाता जाता, घर ‘प्रायमरी रेसिडेन्स’ (मुख्य राहतं घर) म्हणून पॉलिसीत नोंदलंय ना? नसेल तर पॉलिसीवरचा सरचार्ज २५ डॉलरऐवजी २५०. आणि बेसमेंटमध्ये काही ठेवू नका. २०२१ च्या आयडा वादळाच्या पुरात आमचं गणपतीचं मखर फुगून खीर झालं, गणपतीला जेमतेम नऊ दिवस राहिले होते. क्लेममध्ये वॉशर-ड्रायर धरले, मखर नाही.