जानापावला पहिल्यांदा तारे पाहायला जाताना

इंदूरहून महूमार्गे जानापावचा डोंगर गाठायचा तर अमावस्येच्या आसपासची रात्र निवडा. कार्तिकी पौर्णिमेची जत्रा सुंदरच, पण ताऱ्यांसाठी निरुपयोगी. उजेड असतानाच वर पोहोचा, म्हणजे कडा कुठे आहे ते दिसेल. महू-इंदूरचा झगमगाट ईशान्येला राहतो, म्हणून दक्षिणेकडे तोंड करून बसा. जानेवारीच्या मध्यात रात्री अकराच्या सुमारास व्याध या तेजस्वी ताऱ्याच्या खाली, क्षितिजापासून (हात लांब धरून मोजलेल्या) जेमतेम दीड मूठ वर अगस्त्य तारा दिसतो. तो पाहिल्याशिवाय उतरू नका!

डोळे अंधाराला सरावायला २०-३० मिनिटं लागतात आणि मोबाईलच्या एका झोताने सगळं पाण्यात जातं. म्हणून टॉर्चवर लाल जिलेटिन कागद दुहेरी लावा. सुरुवातीला १०×५० ची (दहापट मोठं दाखवणारी, ५० मिमी भिंगांची) दोन डोळ्यांची दुर्बीण पुरे. दव पडून काच धुरकटली तर पुसू नका, ओरखडे पडतात; वापर नसेल तेव्हा झाकण लावून ठेवा.