एआयएस (इन्कम टॅक्सकडे असलेली आपल्या उत्पन्नाची आणि व्यवहारांची वार्षिक यादी) आणि रिटर्नमधलं उत्पन्न जुळत नाही म्हणून इन्कम टॅक्सची नोटीस आली. कटकट नको म्हणून मान्य करून पैसे भरून टाकू का?

इतक्यात नको. तुम्ही घाबरला आहात हे प्रश्नावरूनच कळतंय, पण फरक कशामुळे पडलाय हे कळल्याशिवाय काहीही मान्य करू नका.

आधी नोटीस खरी आहे का ते बघा. तिच्यावर डीआयएन, म्हणजे त्या कागदाचा ओळख क्रमांक असतो, तो इन्कम टॅक्सच्या पोर्टलवर लॉगिन न करताही तपासता येतो. ई-मेलमधल्या लिंकवर क्लिक करू नका.

दोन वर्षांपूर्वी मलाही असंच पत्र आलं होतं. फरक ६४,६०० रुपयांचा. रात्रभर डोळ्याला डोळा नव्हता. सकाळी एआयएसची प्रिंट आणि बँकांची व्याजाची सर्टिफिकेटं घेऊन बसलो, पट्टी धरून एकेक ओळ ताडली. एका एफडीचं ४६,२०० रुपये व्याज दोनदा आलं होतं: एकदा टीडीएसच्या (बँकेने आधीच कापलेल्या कराच्या) भागात १९४ए या व्याजाच्या कलमाखाली आणि पुन्हा एसएफटी-०१६ खाली, म्हणजे बँकेने कळवलेल्या व्याजाच्या नोंदीत. तीच बँक, तोच खाते क्रमांक, तीच रक्कम. हे व्याज मी रिटर्नमध्ये दाखवलेलं होतं.

उरलेले १८,४०० मात्र माझीच चूक. दुसऱ्या बँकेतल्या एफडीचं व्याज होतं, टीडीएस कापला गेला नव्हता म्हणून मी ते धरलंच नाही. टीडीएस कापला नाही म्हणजे कर लागत नाही, हा समज फार लोकांचा असतो. मर्यादेखालच्या व्याजावर बँक टीडीएस कापत नाही एवढंच, उत्पन्न म्हणून ते दाखवावंच लागतं.

मग दुबार नोंदीवर एआयएसमध्येच 'डुप्लिकेट' असा फीडबॅक दिला. तेव्हाची ३१ डिसेंबरची मुदत उलटलेली नव्हती, त्यामुळे १८,४०० धरून सुधारित रिटर्न भरलं, कर व्याजासकट भरला. उत्तरात कुठली रक्कम कशाची हे चार ओळींत लिहिलं आणि दोन्ही सर्टिफिकेटं जोडली. सगळंच मान्य केलं असतं, तर त्याच ४६,२०० वर दुसऱ्यांदा कर भरला असता.

तुम्ही शेअर किंवा म्युच्युअल फंड विकले असतील तर आणखी एक बघा. एआयएसमध्ये विक्रीची पूर्ण रक्कम दिसते, कर लागतो तो नफ्यावर. ४ लाखांची विक्री आणि २० हजार नफा असेल तर आकडा बघून छातीत धस्स होतं. अशा वेळी ब्रोकरकडून कॅपिटल गेनचं स्टेटमेंट घेऊन जोडा.

सुधारित रिटर्नची मुदत गेली असेल आणि उत्पन्न खरंच राहिलं असेल, तर अपडेटेड रिटर्न बहुतेक वेळा भरता येतं, पण त्यावर जादा कर बसतो आणि तो उशिरासोबत वाढत जातो. शिवाय त्यात रिफंड वाढवून मागता येत नाही. हा टप्पा आला तर सीएला एकदा कागद दाखवाच.

नोटिशीत उत्तराची तारीख दिलेली असते, ती आजच कॅलेंडरवर लिहून ठेवा. उत्तर पोर्टलवरच्या ई-प्रोसीडिंग या नोटिशींच्या विभागातूनच द्या आणि पोचपावती डाउनलोड करून ठेवा.