वायंगणीतला उंदीर आणि बागेतला एकटा हत्ती

प्रश्न (दोडामार्ग तालुका): वायंगणी (उन्हाळी) भाताची लोंबी भरली की आम्ही उंदरांना औषध टाकतो. पहिल्या रात्री थोडे मरतात, मग एकही तोंड लावत नाही. पंधरा दिवसांत बिळं पुन्हा भरतात. शिवाय केळी-माडाच्या बागेत रात्री हत्ती येतो, नेहमी एकटाच. त्याचा कळप कुठे असतो? दोघांवर काय करावं?

उत्तर: आधी उंदीर. लोंबी भरल्यावर शेतभर ताजा दाणा असतो, मग बिळातल्या पुडीकडे तो कशाला वळेल? त्यातून उंदराला ओकारी येत नाही. पोटात गेलेलं विष त्याला बाहेर टाकता येत नाही, म्हणून नवीन खाणं तो आधी चिमूटभर चाखतो. तेवढ्यानं बरं वाटेनासं झालं की त्या चवीचं खाणं तो कायमचं टाळतो. तुमच्याकडे दुसऱ्या दिवसापासून हेच घडतं.

फुटवे बुडापाशी तिरके कापलेले आणि बिळाच्या तोंडाशी ताज्या भुसभुशीत मातीचा ढीग दिसत असेल, तर ती बहुधा लहान घूस आहे. ही एकलकोंडी जात. पिल्लांसह असलेली मादी सोडली तर एका बिळात एकच मोठं जनावर राहतं. नर-मादीची जोडी बांधलेली नसते, नर आसपासच्या माद्यांकडे फिरत असतो. म्हणून तुमच्या बांधावरचं बीळ रिकामं झालं की शेजारच्या बांधावरची घूस तिथे येऊन बसते. एकट्याच्या शेतात औषध टाकणं वाया जातं ते यामुळे. गाभणकाळ जेमतेम तीन आठवड्यांचा, वेताला साधारण 6 ते 8 पिल्लं, आणि पाजत असतानाच मादी पुन्हा गाभण राहू शकते. पीक पोटरीत आलं (लोंबी पानाच्या आवरणात फुगली) की वीण वाढते, तेव्हा मोहीम त्याआधी, लावणीनंतर फुटवे येताना, अख्ख्या मळ्यानं एकाच आठवड्यात करावी.

पहिल्या संध्याकाळी सगळी बिळं चिखलानं मुजवा. सकाळी जी उघडलेली दिसतील ती जिवंत, काम फक्त त्यांच्यावर. दोन दिवस बिनविषारी आमिष द्या: 980 ग्रॅम तांदळाची कणी आणि 20 ग्रॅम गोडेतेल, दर बिळाला 20 ग्रॅम. ही पायरी गाळू नका. उंदराची भीड चेपते ती इथेच.

चौथ्या दिवशी संध्याकाळी 960 ग्रॅम कणी, 20 ग्रॅम तेल आणि 20 ग्रॅम झिंक फॉस्फाईड (80 टक्के भुकटी) काठीनं कालवा. हातमोजे घाला, नाक-तोंड बांधा, भांडं पुन्हा स्वयंपाकात घेऊ नका. कागदात 10 ग्रॅमची पुडी बांधून बिळात खोल सारा आणि तोंड बुजवा. एक किलोत शंभर बिळं होतात. पोटातल्या आम्लाशी संयोग होऊन यातून फॉस्फीन वायू सुटतो. माणसालाही त्यावर उतारा नाही, तेव्हा मुलं, कुत्री, कोंबड्या दूर ठेवा. सकाळी मेलेले उंदीर गोळा करून खोल पुरा, नाहीतर ते खाऊन घुबडं मरू शकतात, आणि घुबड हा आपला रात्रपाळीचा राखणदार आहे.

आठवड्यानं बिळं पुन्हा मुजवून पाहा. उघडलेल्यांत झिंक फॉस्फाईड दुसऱ्यांदा टाकू नका, वाचलेल्यांना ती चव ठाऊक असते. तिथे ब्रोमॅडिओलोन (0.25 टक्के भुकटी) त्याच प्रमाणात कालवून 15 ग्रॅम द्या. याचा परिणाम काही दिवसांनी दिसतो, त्यामुळे उंदराला दुखण्याचा आणि खाण्याचा संबंध लागत नाही. चुकून माणसाच्या पोटात गेलं तर डब्यासह दवाखाना गाठा. यावर जीवनसत्त्व के-1 हा उतारा आहे. आणि बांध बारीक ठेवा. फूटभराहून अरुंद बांधात बीळ धरत नाही.

आता हत्ती. कळप असतो तो माद्या आणि पिल्लांचा, सर्वांत जाणती मादी त्याला चालवते. नर वयात येताना, दहा-पंधरा वर्षांचा झाला की, कळपातून बाहेर पडतो आणि पुढे माद्यांकडे येतो तो मिलनापुरता. मादी मिळवायची तर दुसऱ्या नरापुढे टिकेल असं अंग लागतं. भात, केळी, माडाचा गाभा यांतून थोड्या वेळात भरपूर पोषण मिळतं, म्हणून माणसाचा धोका पत्करून तो बागेत शिरतो. 2002 च्या सुमारास कर्नाटकातून हत्ती सिंधुदुर्गात उतरले, तेव्हापासून तिलारी खोऱ्याला हे ठाऊक आहे.

डोळा आणि कान यांच्यामध्ये गंडस्थळावरून ओघळ दिसला, मागचे पाय मुतानं भिजलेले असले, तर तो माजावर आहे. त्याला फटाके, मशाली घेऊन हाकलायला जाऊ नका, तो उलटून येतो. कुंपणात वीज तर मुळीच सोडू नका. हत्तीला कायद्याचं पूर्ण संरक्षण आहे, आणि त्या तारेनं माणसंही जातात. पिकलेले फणस वेळीच उतरवा, वासावरच तो येतो.

सकाळी चिखलातला ठसा पाहा. पुढच्या पायाचा गोल असतो, मागच्याचा लांबट. गोल ठशाच्या कडेनं सुतळी फिरवून मोजा. त्याची दुप्पट म्हणजे साधारण खांद्यापर्यंतची उंची. सुतळी 130 सेंटीमीटरच्या वर गेली तर बहुधा मोठा नर. पंचनाम्याला वनरक्षक येईपर्यंत तो ठसा घमेल्यानं झाकून ठेवा.